दुपटीचा साक्षीदार

"या मेलेल्यांना आता तिलांजली द्या, डाबरेबाई," त्र्यंबकशास्त्री म्हणाले. "तेही सुटतील, आम्हीही सुटू."

मेलेले म्हणजे शब्द. पत्र्याच्या एका पेटीत त्यांची कार्डं रचून ठेवली होती. ती पेटी मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. आमच्या संपादक मंडळातले हे शास्त्रीबुवा टेबलावरून हात लांबवून ती ओढून घेतील की काय, अशी मला धास्ती होती.

१९७३ सालची गोष्ट. पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्याच्या माडीवर आमचं कार्यालय होतं. तिथे गणिताचा मराठी परिभाषाकोश तयार होत होता. मी एम.एस्सी. होऊन वसईहून तिथे सहायक संपादक म्हणून आले होते. कोश छापूनही होत आला होता. खाली यंत्र सुरू असलं की वर आमच्या चहाच्या कपांना हादरे बसत. राहिली होती फक्त शेवटची पुरवणी, आणि ती माझी होती. गुणाकाराबद्दलच्या ज्या लॅटिन संज्ञा आता कुणी वापरत नाही, त्या कुठून आल्या, त्यांचा मूळ अर्थ काय, आणि त्यांना मराठीत काय म्हणता येईल, एवढाच तिचा विषय. वर्षभर मी दुसरं काही केलं नव्हतं. पुरवणी राहिली तर त्या जाडजूड कोशात माझं म्हणता येईल असं काहीतरी राहणार होतं. गाळली तर वर्षभर मी पुण्यात काय करत होते, हे मला घरी नीट सांगताही आलं नसतं.

अडचण एका नियमाची होती. नियम आमच्या प्रमुख संपादकांचा, प्राध्यापक सबनीसांचा. त्याला ते 'हातची साक्ष' म्हणत. कोशात संज्ञा घ्यायची तर ती क्रिया स्वतःच्या कामात, स्वतःच्या हाताने केलेला एक तरी माणूस खोलीत उभा करायचा. "पुस्तकात वाचलं आहे" ही साक्ष नव्हे. ओळंब्यासाठी एक गवंडी माडी चढून आला होता. कर्णासाठी शेजारचा सुतार. कलनशास्त्रासाठी सबनीस स्वतःच साक्षीदार. अनंताला मात्र बरेच दिवस साक्षीदार मिळेना. शेवटी शास्त्रीबुवांनी "मी पेन्शनच्या मंजुरीची वाट पाहिली आहे" असं गंभीरपणे सांगितलं आणि अनंत मंजूर झाला.

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी. पण तोच नियम आता माझ्या पुरवणीवर आला होता. वापरातून गेलेल्या क्रियेला हातची साक्ष कुठून आणायची?

"सर, पहिल्याच संज्ञेला मी साक्षीदार आणला तर?" मी पेटी न सोडता विचारलं.

सबनीसांनी चष्मा कपाळावर नेला. "पहिली कुठली?"

"दुप्लात्सियो. दुप्पट करणं. जुन्या लॅटिन अंकगणितात ती गुणाकाराहून वेगळी, स्वतंत्र क्रिया धरत. बेरीज, वजाबाकी, दुप्पट, निम्मं, मग गुणाकार."

"दोनाने गुणणं ही स्वतंत्र क्रिया?" शास्त्रीबुवा म्हणाले. "उद्या म्हणाल, डाव्या हाताने जेवणं हे स्वतंत्र जेवण!"

सबनीस हसले, पण न्याय सोडला नाही. "ठीक आहे. ती एक सिद्ध झाली तर बाकीच्या तिच्या मागून येऊ द्या. नाही झाली तर पुरवणी नाही. शुक्रवारी दुपारी."

म्हणून त्या शुक्रवारी मी फादर सालूंना घेऊन आले.

फादर माझ्या आईचे मामा, पण घरात त्यांना सगळे फादरच म्हणत. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, लॅटिन शिकवली होती. मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनऐवजी मराठीत आली, मुलं लॅटिन घेईनाशी झाली, आणि फादर नगर रस्त्यावरच्या निवृत्त धर्मगुरूंच्या घरात वर्तमानपत्र वाचत बसू लागले. माझ्या कार्डांवरचं सगळं लॅटिन त्यांनी तपासून दिलं होतं. दर रविवारी ते फाटकाशीच माझी वाट पाहत उभे असत.

जिना उभा होता. वर येईपर्यंत फादरना धाप लागली. पांढरा झगा, पायांत चपला, हातात कापडी पिशवी. शास्त्रीबुवांनी धोतराचा सोगा सावरून खुर्ची पुढे केली. माणूस भांडखोर, पण रीतीला पक्का.

"बसा. पाणी घ्या," ते म्हणाले. "तर तुम्ही लॅटिन बोलता."

"बोलत होतो."

"कुणाशी?"

"बहुतेक देवाशी."

"म्हणजे गणित नव्हे. देव गणित करत नाही."

"आमच्या देवाचं गणित फार लहान आहे," फादर शांतपणे म्हणाले. "तीन म्हणजे एक. तिथेच संपतं."

"मग आमचं बरं. आमचं तेहतीस कोटींपर्यंत जातं."

"मोजून पाहिलेत?"

शास्त्रीबुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "डाबरेबाई, हा साक्षीदार बरा आणलात."

सबनीसांनी पेन्सिलीने टेबल वाजवलं. मी पेटीतलं पहिलं कार्ड काढून वाचायला लागले. माझा आवाज मुळातच बारीक. खालचं यंत्र सुरू झालं की तो पार बुडायचा. त्यामुळे गुणाकाराच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फादरनाच सांगावा लागला.

"मुल्तिप्लिकारे," ते म्हणाले. "मुल्तुस म्हणजे पुष्कळ. प्लिकारे म्हणजे घडी घालणं. पुष्कळ घड्या घालणं, असा गुणाकार."

"घड्या!" शास्त्रीबुवांना आनंदच झाला. "आमच्याकडे गुण म्हणजे दोरीचा पेड. द्विगुण म्हणजे दोनपेडी, त्रिगुण म्हणजे तीनपेडी. आम्ही दोर वळला, हो. ताकदीचं काम. तुम्ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलात."

"घडी घातलेलं कापड ऊब देतं," फादर म्हणाले. "दोर फक्त बांधतो."

"बांधतो म्हणून तर जग जागेवर आहे!"

"शास्त्रीबुवा," सबनीस म्हणाले, "साक्ष. फादर, प्रश्न साधा आहे. जुन्या लॅटिन अंकगणितातली ही दुपटीची रीत. मोठ्या संख्येने गुणायचं तर पाढा न म्हणता पुन्हा पुन्हा दुप्पट करत जायचं. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही स्वतः, स्वतःच्या कामात, असा हिशोब केला आहे?"

फादरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. पाटीवर चुकून भलताच धडा लिहिला गेल्याचं वर्गात लक्षात आल्यावर मास्तरांचा होतो, तसा.

"मी?" ते म्हणाले. "नाही."

खाली यंत्र थांबलं होतं. नेमकं तेव्हाच.

"मी ते वाचलं आहे," फादर म्हणाले. "शिकवलंही आहे, वाक्यरचनेसाठी. पण हिशोब... बाय, तू मला हे विचारलंच नव्हतंस."

खरं होतं. प्रत्येक प्रत्यय मी तीनतीनदा तपासला होता. शब्द माहीत असलेल्या माणसाने ते काम केलंच असणार, हे मात्र मी धरून चालले होते. असली चूक फक्त कोशवालेच करू शकतात.

"सेमिनरीत हिशोब?" सबनीसांनी हळू आवाजात, मला वाचवायला म्हणून विचारलं. "बाजारहाट? काहीतरी?"

"आम्ही डाळसुद्धा लॅटिनमध्ये मागायचो. पण तिचा हिशोब ब्रदर मतियस ठेवत. इंग्रजीत." फादर थांबले. "सर, या मुलीसाठी मला हो म्हणायला फार आवडलं असतं. पण खोटी साक्ष द्यायची नाही, ही एक आज्ञाच आहे आमच्यात. आठवी."

जिंकलेल्या शास्त्रीबुवांनी टोमणा मारायचा सोडून समोरचा कप स्वतःच्या हाताने माझ्याकडे सरकवला. तेव्हा मला खरोखरच रडू येईल असं वाटलं.

"असू दे," सबनीस म्हणाले. "बाई, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. नियम सगळ्यांना एक. ती कार्डं जपून ठेवा, पुढे कधीतरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग घड्याळ पाहून ते उठले आणि फोनकडे गेले. "बाइंडर पुठ्ठ्याची पाठ कापायला थांबला आहे. पानं किती ते आजच कळवायचं आहे त्याला. शास्त्रीबुवा, पुरवणी न धरता सदतीस फर्मे. फर्म्याला सोळा पानं. किती झाली?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात टेबलावर उताणा पडला होता. तो उलटला. मग पुन्हा उलटला. ओठ हलत होते आणि शांततेत ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"सदतीस... चौऱ्याहत्तर... एकशे अठ्ठेचाळीस... दोनशे शहाण्णव... पाचशे ब्याण्णव." डोळे उघडले. "पाचशे ब्याण्णव, सबनीस."

सबनीस फोनची चकती फिरवू लागले.

"थांबा," फादर म्हणाले.

सबनीसांचं बोट चकतीच्या भोकात तसंच राहिलं.

"शास्त्रीबुवा, हे काय केलंत तुम्ही?"

"गुणाकार केला. सदतीस सोळे."

"नाही. तुम्ही गुणाकार केला नाहीत."

"मी गुणाकार केला नाही?" शास्त्रीबुवांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी, फादर! सोळाचा पाढा मी झोपेत म्हणेन. सोळा साता बारोदरसे, एकशे बारा. म्हणू पुढे?"

"तेच विचारतोय. सोळाचा पाढा झोपेत येतो, तर जागेपणी का नाही वापरलात? तुम्ही सात आणि सोळा कुठेच म्हणाला नाहीत. चौऱ्याहत्तर म्हणालात. ते सदतीसचं काय आहे?"

"दुप्पट."

"एकशे अठ्ठेचाळीस?"

शास्त्रीबुवांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात अजून अर्धा उलटलेला होता.

"हा हात का उलटत होता?" मी विचारलं.

मी विचारलं खरं. पण त्या खोलीत कुणीही न विचारता मी बोलले, असं तोवर फारसं घडलं नव्हतं. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

शास्त्रीबुवांनी टेबलावरचा कोऱ्या कागदाचा मोठा ताव ओढून घेतला. "वाईला माझ्या चुलत्यांचा छापखाना होता," ते म्हणाले. "पंचांगं छापायचे. मुंज झाली आणि मला घड्या घालायला बसवलं. लाकडी पट्टी घेऊन, ढीगभर तावांपुढे. हे पाहा. एक ताव. याला बाजू किती?"

"दोन," सबनीस म्हणाले. ते फोन सोडून टेबलाशी आले होते.

"दोन. म्हणजे इथेच दुप्पट झाली." त्यांनी ताव दुमडला आणि नखाने घडी दाबली. "एक घडी, पानं चार. दुसरी घडी, आठ. तिसरी, सोळा. झाला फर्मा. आता सदतीस ताव असले तर? चुलते विचारायचे आणि उत्तर लगेच हवं असायचं. पाढा कशाला म्हणायचा? हात सांगतो. बाजू उलटली, दुप्पट. घडी, दुप्पट. घडी, दुप्पट. घडी..."

त्यांच्या हातात तीनदा घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो फादरपुढे धरला, आणि मग एकदम टेबलावर टाकला, चटका बसल्यासारखा.

"प्लिकारे," फादर म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "शास्त्रीबुवा, दोर वळणारे तुम्ही!"

सबनीस आधी हसले. मग फादर. मग मी, तोंडावर हात धरून. शास्त्रीबुवा तेवढे ताठ बसून राहिले. एकदा नाही म्हटलेल्याला हो म्हणणारा माणूस तो नव्हे, हे मला वर्षभरात कळलेलं होतं. आणि नियम नियम होता. साक्ष साक्षीदाराने स्वतः द्यायची असते, दुसऱ्याने काढून घ्यायची नसते.

शास्त्रीबुवांनी काळी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सबनीस, लिहा," ते म्हणाले.

"काय?"

"साक्षीदाराचं नाव. त्र्यंबक गोविंद पळसुले. क्रिया: दुप्पट करणं. स्वतःच्या कामात, स्वतःच्या हाताने, वयाच्या नवव्या वर्षापासून..." ते क्षणभर थांबले, "...आज मघापर्यंत. लिहा की! पेन्सिल मोडली का?"

सबनीस लिहायला लागले.

"आणि गुणाकाराहून वेगळी क्रिया, हेही लिहा," शास्त्रीबुवांनी बजावलं. "पाढा येत असून तो आठवलादेखील नाही, म्हणजे ती वेगळीच. आता शब्द. डाबरेबाईंनी काय सुचवलंय? द्विगुणन? छे. त्याला साक्षीदार मिळायचा नाही. उत्साह दुणावतो, दुखणं दुणावतं, मग आकडा का दुणावू नये? दुणावणी. फादर, चालेल?"

"लॅटिनची काही हरकत नाही."

"लॅटिनला हरकत घ्यायला माणूस कुठे उरलाय दुसरा? तुम्हीच एक."

"म्हणूनच एकमत झालं," फादर म्हणाले.

दुणावणी मंजूर झाली. तिच्या मागून माझी पेटीतली सगळी कार्डंही. गुणाकाराच्या उत्तराला पूर्वी 'फाक्तुम', म्हणजे 'घडवलेलं', असं म्हणत, हे ऐकून शास्त्रीबुवांनी टेबलावर थाप मारली. ज्याला गुणायचं ती संख्या 'मुल्तिप्लिकांदुस', आणि आमचा 'गुण्य' शब्दही नेमका तसाच, 'ज्याला गुणायचं आहे तो', हे त्यांनी फादरना समजावलं. फादरनी ते दोनदा म्हणवून घेतलं. चहा पुन्हा आला. शेवटी वाट पाहून बाइंडरनेच फोन केला.

"हो, हो, सांगतो," सबनीस फोनमध्ये म्हणाले. "एक फर्मा वाढला. अडतीस. पानं... शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी तोंड घट्ट मिटलं आणि फादरकडे बोट दाखवलं. "यांच्यासमोर मी आता मोजत नाही. पकडतात."

"शहात्तर," मी म्हणाले. "एकशे बावन्न. तीनशे चार. सहाशे आठ."

खाली यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. तरी माझा आवाज फोनच्या पलीकडे पोचला असावा, कारण सबनीसांना आकडा पुन्हा सांगावा लागला नाही.

त्या दोघांची मैत्री पुढे फादर जाईपर्यंत टिकली. त्या काळात मी नोकरी बदलली, गणिताच्या इतिहासाकडे वळले, आणि मग आयुष्यभर तेच केलं. मैत्री कशी वाढली, ते कुठे भेटत, काय भांडत, हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. पण त्या शुक्रवारची संध्याकाळ मी सबंध पाहिली.

आम्ही तिघं बसथांब्याकडे चाललो होतो. शास्त्रीबुवांचं घर उलट्या दिशेला होतं, पण ते बरोबर आले. फादर सांगत होते की रोमन लोकांचं एक नाणं होतं, सेस्तेर्तियुस. त्याची किंमत त्याच्या नावातच असे. सेमिस तेर्तियुस. तिसरा अर्धा.

शास्त्रीबुवा भर रस्त्यात थांबले. "काय म्हणालात?"

"तिसरा अर्धा. म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा..."

"अर्धतृतीय!" शास्त्रीबुवा ओरडले. "अहो, अर्धतृतीयाचंच अडीच झालं! आमचं अडीच!"

"ओ आजोबा, अडीच घरी जाऊन करा!" एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना चुकवून गेला.

मी दोघांना हाताला धरून थांब्यावर आणलं. त्यांना ते कळलंही नाही.

"मग साडेतीन?" फादर विचारत होते. "चौथा अर्धा?"

"अर्धचतुर्थ! त्याचं औट. साडेतीनला औट म्हणत आमच्या लहानपणी."

"आणि त्याचाही पाढा होता?"

"होता म्हणजे? औटकी! पाठ नसली तर जेवण मिळायचं नाही. म्हणा माझ्यामागून. एक औट औट."

"एक औट औट," फादर म्हणाले.

"बे औट सात."

"बे औट सात."

बस आली. मी फादरच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. तीन औट साडेदहा. बस गेली. पुढची आली तेव्हा चार औट चौदा झाले होते, आणि फादर साडेदहावर पुन्हा अडखळले म्हणून शास्त्रीबुवांनी त्यांना पहिल्यापासून सुरू करायला लावलं होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं पाठांतर घेतलेला तो माणूस दोन्ही हात मागे बांधून, मान वर करून, मुकाट्याने पहिल्यापासून म्हणू लागला. थांब्यावरची माणसं पाहत होती. एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांच्याबरोबर ओठ हलवायला लागली.

तिसऱ्या बसचा कंडक्टर दारातून खाली वाकला. "फादर, यायचं की नाही?"

"सात औट?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

फादरनी डोळे मिटले. त्यांनी कंडक्टरला बोटाने थांबायची खूण केली.

"साडे... साडेचोवीस!"

"शाबास!"

कंडक्टरने त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने घंटा दिली आणि बस पुढे गेली.